सूचना दोनदा द्यायची असते

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, बस स्टँडवर सूचना द्यायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. काचेच्या बुटक्या खोलीत बसून त्या माईकवर बोलायला लागल्या की बाहेर बाकड्यावर झोपलेला माणूस खडबडून उठून आपली पिशवी शोधायला लागायचा. चेहऱ्याने त्यांना फारसं कुणी ओळखत नसे. पण दुकानात जाऊन त्यांनी नुसती साखर मागितली तरी रांगेतली चार डोकी मागे वळायची. गाव त्यांना सूचनाबाई म्हणायचं, आणि त्या निवृत्त झाल्यावरही म्हणत राहिलं.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. सूचना दोनदा द्यायची. पहिल्यांदा लोकांचं बोलणं थांबतं, दुसऱ्यांदा त्यांना ऐकू येतं, असं त्यांच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ही सवय इतकी अंगात मुरली की घरातसुद्धा त्या म्हणायच्या, "वहिनी, दूध उतू चाललंय. दूध उतू चाललंय." मी म्हणायची, "वन्सं, मी बहिरी नाही आणि हा फलाटही नाही." त्या हसायच्या. पण पुढचं वाक्यही दोनदाच यायचं.

एवढी आवाजाची बाई, पण एका बाबतीत तोंडाला कुलूप. पोट, संडास, साफ होणं, न होणं, यातला एक शब्द मी त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. मी सरळ संडास म्हणते. त्या 'हात धुऊन येते' म्हणायच्या. आमच्या घरात संडास बैठकीच्या खोलीला लागूनच आहे. त्यामुळे त्या आत गेल्या की आधी नळ पूर्ण सोडायच्या. बाहेर पाहुणे असले तर जाता जाता रेडिओही मोठा करून जायच्या. "पाणी काय फुकट येतं का?" म्हणून हे कुरकुरायचे, त्यावर त्या मान खाली घालून निघून जायच्या. मला या सगळ्याचा राग यायचा. प्रत्येकाला पोट असतं, त्यात चोरी कसली?

कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही ह्यांच्याकडून. वन्सं लहान असताना एकदा संडासात पाणी संपलं. त्यांनी आतून आईला हाक मारली. आवाज जन्मापासूनच तसला. बैठकीत पाहुणे बसले होते, ते सगळे हसले. त्यांतले एक काका पुढे कितीतरी वर्षं भेटले की आधी विचारायचे, "काय गं, मिळालं का पाणी?" लग्नात, बारशात, अगदी वन्संच्या वडिलांच्या आजारपणात भेटायला आले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. काका गेले तेव्हा घरात सगळ्यांनी डोळे पुसले. वन्संनी नाही पुसले.

तर अशा बाईला संडासात रक्त दिसू लागलं.

पुढचं बरंचसं मला नंतर समजलं, पण गोष्ट सरळ कळावी म्हणून आधीच सांगून टाकते. रक्त दिसायला लागून बरेच महिने झाले होते. वन्संनी कुणाला सांगितलं नाही. मग एके दिवशी जुन्या मैत्रिणीकडे जाते म्हणून त्या सकाळीच बाहेर पडल्या आणि शेजारच्या गावातल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे गेल्या. शेजारच्या गावात अशासाठी, की तिथे त्यांचा आवाज कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मागच्या बाजूने दुर्बीण घालून मोठं आतडं बघावं लागेल. भूल देऊ, पण सोबत कुणीतरी हवं, भूल उतरेपर्यंत एकटं घरी सोडता येत नाही. वन्संनी भूलच नाकारली. सोबत माणूस आणायचा म्हणजे माणसाला सांगणं आलं.

पोट त्यांनी तिथेच साफ करून घेतलं आणि बिनभुलीची दुर्बीण दात आवळून सोसली. सुरुवातीच्याच भागात एक चांगलं रुंद बुडाचं मांसाचं बोंड दिसलं. ते डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुळापासून खोल कापून काढलं आणि तपासायला पाठवलं. पण पुढच्या वळणावर वन्संना कळ सहन होईना, आतडं आखडलं आणि दुर्बीण पुढे जाईना. डॉक्टरांनी काम थांबवलं. म्हणाले, राहिलेला भाग स्कॅनवर बघू. त्यात आतड्यात हवा भरून ते फुगवतात आणि मग फोटो काढतात. पण हे आत्ता नाही, दोन आठवडे जाऊ द्या. कापलेली जागा कच्ची आहे, तिथे हवेचा दाब पडला तर आतडं फाटेल. पुढे कुणीही कसलीही तपासणी करायला निघालं तर आधी हे सांगायचं.

वन्संनी हे ऐकलं, समजलं, आणि घरी येऊन 'मैत्रीण बरी आहे' म्हणून सांगितलं.

पाचसहा दिवसांनी न्हाणीघरात कोपऱ्यातली बादली मी उचलली. तळाशी त्यांचे आतले कपडे भिजत घातलेले आणि पाणी लालसर. मी थेट त्यांच्यापुढे बादली ठेवली. त्या एवढ्या ओशाळल्या की क्षणभर मला माझीच लाज वाटली, पण मी काही मागे हटले नाही. "उठा," म्हटलं, "डॉक्टरकडे जायचंय." ते रक्त कापलेल्या जागेचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर मीच त्यांना त्या शेजारच्या गावाला घेऊन गेले असते. त्या बोलल्या नाहीत. उठून चपला घालून माझ्यामागून निघाल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी रक्ताचं सांगितलं. ते म्हणाले, दुर्बीण सगळ्यांत बरी. दुर्बीण म्हटल्याबरोबर वन्सं अशा काही नाही म्हणाल्या की डॉक्टर दचकले. मग निदान आतड्याचा स्कॅन तरी करून घ्या, म्हणाले. मी बाहेर येऊन लगेच फोन लावला, ओळख काढली आणि लवकरची वेळ पदरात पाडून घेतली. मला वाटलं, मी केवढी कर्तबगार.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं होतं. दिवसभर नळ वाहत होता, रेडिओ ओरडत होता. ह्यांना मी बाजारात पिटाळलं होतं. दर खेपेला वन्सं बाहेर यायच्या त्या भिंतीला धरून, नजर जमिनीला. एकदा माझ्यासमोर थांबल्या, "वहिनी..." म्हणाल्या. मी म्हटलं, "काय?" त्यांचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "काही नाही. टॉवेल कुठाय? टॉवेल कुठाय?"

स्कॅनच्या ठिकाणी खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, मध्ये काचेचं कपाट, समोर उंच काउंटर. काउंटरवरची मुलगी कामाला चोख, पण आवाज असा की भाजी विकावी. रांगेत आमचा नंबर आला तशी तिने विचारलं, "याआधी मागून दुर्बीण घातली होती का? आतड्याचा तुकडा काढलाय का कधी?"

मागच्या खुर्च्यांवर दहाबारा माणसं बसलेली. वन्संनी ओढणी तोंडावर घेतली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाही."

"नीट सांगा हं आजी, काढला असला तर थांबावं लागतं."

"नाही. नाही."

तिने तसं नोंदवलं. आणि त्या दोन 'नाहीं'नी घात केला. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकून बघायला लागले. डोक्यावर टोपी, मांडीवर दोन्ही हात, शेजारी जावई फोनमध्ये डोकं घालून बसलेला. ते उठूनच आले. "सूचनाबाई ना तुम्ही? ओळखलं नाहीत मला? लांबच्या पहाटगाडीचा कंडक्टर मी. तुमचा आवाज आला की आमची शिट्टी वाजायची. आवाज बारीक झालाय पण तोच आहे."

वन्संना भुईने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. "हो, हो," म्हणाल्या.

"आणि इथे कशा? काय होतंय?"

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला कुठे काय? वहिनीसाठी आलेय. तिच्या पोटाचं जरा..."

मी तिथल्या तिथे पोटावर हात ठेवला आणि कण्हले. कंडक्टरांनी माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की मला हसू दाबायला खाली बघावं लागलं. "सांभाळा हो," म्हणाले. "पोटाचं दुखणं वाईट." तुम्ही कशासाठी आलात म्हणून मी विचारलं, तर त्यांनी जावयाकडे एक नजर टाकली आणि घाईने म्हणाले, "गुडघा. गुडघ्याचा फोटो काढायचाय."

थोड्या वेळाने तपासणी करणारी बाई दारात आली आणि तिने आत बोलावलं. उठल्या वन्सं. कंडक्टर माझ्याकडे बघत राहिले. "आधी रक्त तपासतात कुणाचंतरी," असं काहीतरी मी पुटपुटले. खोटं बोलणं मलाही आलं नाही कधी, पण त्या दिवशी अख्खं घराणंच खोटं बोलत होतं.

आतलं वन्संनी मला पुढे सांगितलं ते असं. मोठं गोल मशीन, मध्ये अरुंद फळी. त्यांना अंगावर ढगळ झगा दिला, मागून उघडा. फळीवर कुशीवर झोपवलं. तपासणीची बाई गोड बोलायची, जवळ वाकून सांगत होती. "आता मागून एक बारीक नळी घालणार, मग हळूहळू हवा सोडणार. पोट ताठ होईल, घाबरू नका. याआधी कसली तपासणी झाली नाही ना?" तिसऱ्यांदा विचारलं होतं. वन्संनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कोवळ्या वयाची पोर, कानात छोट्या रिंगा, डोळे आपल्याकडेच लागलेले. तिच्या तोंडावर ते शब्द कसे काढायचे? वन्संनी मान हलवली. नाही.

"मी जरा मशीन बघून येते," बाई म्हणाली. "आल्यावर नळी घालते. मी त्या काचेपलीकडे असेन. काही लागलं तर इथूनच बोला, डोक्यापाशी माईक आहे. आम्हाला तिकडे ऐकू येतं."

ती गेली. वन्सं एकट्या राहिल्या. एका बाजूला ट्रेमध्ये ती नळी ठेवलेली, तिच्या टोकाला हवेचा रबरी फुगा. त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मला तेव्हा माहीत होतं. तो फुगा दाबला की काय होणार हे मला त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मनात म्हणत होते, फाटलं तर फाटलं, निदान कुणाला सांगावं तरी लागणार नाही. किती घाण विचार केला मी." हे सांगतानाही त्यांची मान वर झाली नाही.

मग त्यांचं लक्ष माईककडे गेलं. समोर काच होती आणि काचेपलीकडे कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता.

बाहेर आम्ही बसलो होतो. काचेपलीकडच्या त्या खोलीत यंत्रांमुळे उकडायचं म्हणून तिचं आमच्याकडे उघडणारं दार एक स्टूल लावून उघडं ठेवलेलं. आत भिंतीवर स्पीकर. मी पाण्याची बाटली उघडत होते, आणि एकदम गावाचा आवाज आला. तोच. खणखणीत, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, फलाटावरून यायचा तसाच.

"कृपया लक्ष द्या. माझ्या मोठ्या आतड्याचा तुकडा गेल्या आठवड्यात कापून काढलेला आहे. मागून दुर्बीण घालून काढलेला आहे. जागा कच्ची आहे. हवा भरू नये."

खुर्च्यांवरचं सगळं बोलणं थांबलं. काउंटरवरच्या मुलीचा हात हवेत राहिला. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, झालं. पण मी विसरले होते, सूचना दोनदा असते.

"पुन्हा एकदा. माझ्या मोठ्या आतड्याचा तुकडा गेल्या आठवड्यात कापून काढलेला आहे. मागून दुर्बीण घालून काढलेला आहे. जागा कच्ची आहे. हवा भरू नये."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी त्या माणसाची टोपी उडवली असती. मागच्या रांगेतली एक बाई तोंडात पदराचा बोळा धरून बसली होती, पण ती रडवेली झाली होती.

स्कॅनचे डॉक्टर बाहेर आले, मला आत बोलावलं. मी म्हटलं, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका छपराखाली इतकी वर्षं राहतो आम्ही. डॉक्टरांनी वन्संकडून नाव घेऊन त्या शेजारच्या गावातल्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं विचारून घेतलं आणि मग शांतपणे समजावलं. चिमट्याने वरवरचा, दाण्याएवढा तुकडा घेतला असता तर एवढी भीती नव्हती, कधीकधी त्याच दिवशीही स्कॅन करतात. पण हे बुडापासून खोल कापलेलं. तिथली भिंत पातळ झालेली असते. आम्ही हवा सोडली असती तर ती तिथेच फुटली असती, आतली घाण पोटात पसरली असती, आणि यांना इथून थेट ऑपरेशनला न्यावं लागलं असतं. तेही वेळेवर पोचल्या तर. आता कुंथू नका, जड उचलू नका, रक्त वाढलं तर लगेच त्या डॉक्टरांकडे जा, आणि ते सांगतील त्या दिवशी इथे या.

मी वन्संना कपडे घालायला मदत केली. गुंडी त्यांना लागेना. मी लावली. "बाहेर ऐकू गेलं?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलायचा विचार केला. मग म्हटलं, "गेलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवून रडल्या. बासष्ट वर्षांची बाई, पण आवाज एवढासा, नळाच्या पाण्याआड रडायची सवय असलेल्या माणसाचा. "सगळ्या गावाला कळलं," म्हणाल्या. "आता स्टँडवरून कशी जाऊ मी? लोक विचारतील, काय सूचनाबाई, भरली का जागा?" मला त्या काकांची आठवण झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण त्या क्षणी ते हयात असते तर मी त्यांच्या घरी गेले असते. "मागच्या दाराने नेशील का मला?" वन्संनी विचारलं. मागचं दार नव्हतंच.

शेवटी त्यांनी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली, माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. सगळे भिंतीवरच्या सूचना वाचत होते, इतकं मन लावून की जणू परीक्षा होती. मी वन्संना दाराकडे वळवत होते, तेवढ्यात काउंटरपाशी कंडक्टर उभे दिसले. टोपी हातात. जावई अजून खुर्चीवरच, पण फोन बाजूला ठेवून सासऱ्यांकडे बघत होता.

"मघाशी तुम्ही मला विचारलं होतंत ना," कंडक्टर त्या मुलीला म्हणत होते. आवाज दबलेला, पण तिथे इतकी शांतता होती की सुटका नव्हती. "त्या तुकड्याचं. मी नाही म्हणालो होतो."

"हो. मग?"

कंडक्टरांनी मागे वळून जावयाकडे पाहिलं नाही. टोपी दोन्ही हातांनी फिरवत राहिले. "काढलाय. परवाच काढलाय. खोल आहे म्हणाले होते."

मुलीने लगेच आतल्या डॉक्टरांना फोन लावला. जावई उठून सासऱ्यांशेजारी येऊन उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचल्यासारखं त्याने त्यांच्या हातातली टोपी आपल्या हातात घेतली.

माझ्या दंडावरची वन्संची पकड सैल झाली. त्या थांबल्या. मी हलकेच ओढलं, तर हलेनात. त्यांच्या कपाळावर अजून लाज तशीच होती, कानाच्या पाळ्या लालच होत्या, पण ओढणी त्यांनी डोळ्यांवरून खाली केली. मग त्या माझा हात सोडून पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या, शेजारची खुर्ची मोकळी ठेवून. डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर कंडक्टर परत आले. पुढची तारीख मिळेपर्यंत त्यांना थांबायचं होतं, आणि वन्सं काही उठेनात. ते त्या मोकळ्या खुर्चीवर टेकले.

"गुडघा कसा आहे?" वन्संनी विचारलं.

"बरा आहे," कंडक्टर म्हणाले. "तुमच्या वहिनीचं पोट?"

"बरं आहे," वन्सं म्हणाल्या. "बरं आहे."